हेपारिनची बाटली आणि डुकराची किडनी

आमच्या मेडिकलमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी मंगळवेढ्याकडचे एक पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे गिऱ्हाईकच, पण दीड वर्षात तेवढं नातं झालंय. बायकोला डायलिसिसला सोडायचं, चार तास कुठंतरी काढायचे आणि त्यातला एखादा तास आमच्या काउंटरला टेकून घालवायचा, हा त्यांचा शिरस्ता. थोडी ज्वारी आहे, वीस-पंचवीस शेळ्या आहेत. मोबाईलवर जे येईल ते मला दाखवतात. त्या दिवशीचा व्हिडिओ अमेरिकेतला होता. एका माणसाला डुकराची किडनी बसवलीय आणि तो दवाखान्याच्या बोळातून चालत चाललाय.

"मालक, हे खरं हाय का?"

"खरं आहे."

"आमची मंडळी माळकरी हाय. डुकराचं नाव काढलं तर चूळ भरून येईल."

नेमकी त्याच वेळी त्यांच्यासाठी काढलेली पिशवी माझ्या हातात होती. तीत डायलिसिसच्या नळ्या, सुया आणि हेपारिनची छोटी बाटली. रक्त अंगाबाहेर मशीनमधून फिरवायचं तर ते नळीत गोठता कामा नये, म्हणून हेपारिन लागतं. आणि हेपारिन काढतात डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून. जगात विकलं जाणारं बहुतेक सगळं हेपारिन तिथूनच येतं. म्हणजे मावशींच्या अंगात आठवड्यातून दोनदा डुकराचा अंश जातच होता.

मी सांगून टाकलं. त्यांनी विषय काढला नसता तर मी आपणहून बोललो नसतो, हेही कबूल करतो. पण विषय निघाल्यावर बाटली पिशवीत सारून गप्प बसणं मला जमलं नाही. ते थोडा वेळ बाटलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंडळीला सांगू नका." आणि लगेच पुढचा प्रश्न: "पर अख्खी किडनी कशी वो चालती माणसाला?"

त्या तासात त्यांना जे सांगितलं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत जे सांगायचं राहिलं, ते इथं लिहितोय.

जनावराचं औषध माणसाला, यात नवं काहीच नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. त्यानंतरची साठ वर्षं जगभरातले मधुमेही कत्तलखान्यातून आलेल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांवर जगले. ते चाललं, कारण इन्सुलिन म्हणजे ५१ मण्यांची एक माळ आहे असं धरलं, तर डुकराच्या आणि माणसाच्या माळेत फक्त एका मण्याचा फरक आहे. गाईच्या माळेत तीन मण्यांचा. शरीर तेवढा फरक बहुतेक वेळा चालवून घेतं.

साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते घोड्याचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचत जातात. घोड्याचं रक्त विषाला तोंड देणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि ती गाळून बाटलीत भरतात. मुंबईच्या हाफकिनचे घोडे पिंपरीला असतात. ज्वारीच्या काढणीत, उसाच्या फडात या औषधानं वाचलेली माणसं आपल्या जिल्ह्यात गावोगाव भेटतील. पण ते देताना डॉक्टर शेजारी अॅड्रिनालिन भरून ठेवतात, कारण काहींच्या अंगाला घोड्याचं प्रथिन मानवत नाही. पित्त उठतं, दम लागतो, बीपी खाली येतं.

इथपर्यंत माणसानं जनावर जसं आहे तसंच वापरलं. त्याच्या अंगातलं काढा, गाळा, टोचा, मानवलं तर ठीक. गेल्या चाळीसेक वर्षांत गाडी उलट्या बाजूनं हाकायला सुरुवात झाली. आता औषध काढण्याच्या आधी जनावरच बदलतात, माणसाला मानवेल असं. पुढची सगळी गोष्ट या उलट्या फेऱ्याची आहे.

जनावर बदलायचं म्हणजे नेमकं काय, हे सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला समजावणं सोपं जातं. चादरीवरचा मोर कसा येतो? मागाच्या डोक्यावर जॅकार्डची पेटी असते आणि तिच्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांबलचक माळ फिरत असते. बाण्याचा एक धागा आडवा जाताना ताण्यातले कोणते धागे उचलायचे, हे त्या कार्डावरची भोकं ठरवतात. कार्ड सरकलं की पुढची ओळ. अशी शेकडो कार्डं फिरली की मोर उतरतो. माग तोच, सूत तेच, विणकरही तोच ठेवून फक्त कार्डांची माळ बदला, मोराच्या जागी कमळ येईल. (आता कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आलाय, पण लहानपणी त्या कार्डांच्या खडखडाटात झोपलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.)

पेशीतला डीएनए म्हणजे ही कार्डांची माळ. एका नक्षीपुरता गठ्ठा म्हणजे एक जनुक आणि त्यावरून विणलेली नक्षी म्हणजे प्रथिन. इन्सुलिन हे प्रथिन, विषाला धरणारी प्रतिपिंडं ही प्रथिनं. आता यातली सगळ्यात मोठी गंमत. जिवाणूपासून हत्तीपर्यंत सगळ्यांच्या मागांना एकाच मापाची कार्डं चालतात. माणसाचा गठ्ठा शेळीच्या पेशीत ठेवला तर ती पेशी परका म्हणून अडून बसत नाही, भोकं वाचते आणि विणायला लागते. हा धंदा उभा आहे तो एवढ्याच गोष्टीवर.

माझं उदाहरण एका ठिकाणी तोकडं पडतं, ते सांगून टाकतो. कारखान्यात ज्या मागावर जी नक्षी हवी तीच कार्डं चढवतात. पेशीत मात्र सगळ्या नक्षींचे सगळे गठ्ठे असतात. शेळीच्या कानातही असतात आणि कासेतही. कुठं कोणता गठ्ठा सोडायचा हे त्याच्या तोंडाशी असलेला डीएनएचाच एक तुकडा ठरवतो, त्याला आपण कळ म्हणू. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कानात तयार होत नाही, कारण त्याची कळ फक्त कासेत दाबली जाते, तीही शेळी दुधावर आली की.

यावरून एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात काय येईल? केसीनची कळ घ्यायची आणि तिच्यामागं माणसाच्या औषधाचा गठ्ठा बांधायचा. शेळी व्याली की दुधात औषध.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं हेच केलं. गठ्ठा निवडला तो अँटिथ्रोम्बिन नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं आणि रक्ताला गोठण्यापासून आवरतं. आपल्या बाटलीतलं हेपारिन तरी काय करतं? स्वतः काहीच नाही. ते या अँटिथ्रोम्बिनला जाऊन चिकटतं आणि त्याला सुमारे हजारपट चपळ करतं. काही घराण्यांत हे प्रथिन जन्मतःच कमी असतं. बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी अशा माणसांच्या शिरांत गुठळ्या व्हायची भीती. त्यांना ते बाहेरून द्यावं लागतं आणि तोवर ते दान केलेल्या रक्तातूनच काढत.

शेळीच्या फलित बीजांडात केसाहून बारीक काचेच्या सुईनं तो जोडगठ्ठा सोडला. सांगायला एक वाक्य लागतं, पण यात बहुतेक बीजांडं वाया जातात आणि जन्मलेल्या करडांतही थोड्यांच्याच अंगात गठ्ठा रुजतो. एकदा रुजला की मात्र प्रयोगशाळेची गरज उरत नाही. पुढचं काम नेहमीसारखं बोकड करतो आणि साधारण निम्म्या पिल्लांत ते जनुक उतरतं. दिसायला ती शेळी चारचौघींसारखीच. तिच्या वर्षभराच्या दुधात जेवढं अँटिथ्रोम्बिन निघतं तेवढं रक्तदानातून मिळवायचं तर सुमारे ९०,००० वेळा रक्त घ्यावं लागेल, असा हिशोब कंपनीनं मांडला होता. युरोपनं २००६ मध्ये आणि अमेरिकेनं ६ फेब्रुवारी २००९ रोजी 'एट्रिन' या नावानं त्याला परवानगी दिली. जनुक बदललेल्या जनावरापासून बनलेलं हे जगातलं पहिलं मंजूर औषध.

पाहुण्यांचे डोळे चमकले. शेळीवाल्या माणसाला शेळीतलं कळतं. पहिला प्रश्न: "ते दूध नुसतं प्यालं तर?" काही होणार नाही. प्रथिन पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं, म्हणून तर ते दुधातून वेगळं काढून शिरेतून द्यावं लागतं. दुसरा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता: "आन बोकडं?" त्या कळपातला बोकड आपल्या मंगळवार बाजारात आणता येत नाही. मटण नाही, दूध नाही. कुंपणाच्या आतलं आतच राहतं आणि मेलं तरी ठरलेल्या पद्धतीनंच विल्हेवाट. "मग कसला धंदा," असं म्हणून त्यांनी तो विषय आपल्यापुरता संपवला.

आणि खरं सांगायचं तर तो धंदा खरंच चालला नाही. एट्रिन आज बाजारात नाही. त्याच वाटेनं आणखी मोजकीच औषधं आली. चेहरा आणि घसा अचानक सुजणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरचं औषध हॉलंडच्या कंपनीनं सशाच्या दुधातून काढलं, त्याला युरोपात २०१० आणि अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. (होय, सशाचंही दूध काढतात, छोटा पंप लावून.) दुसरं कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून, डिसेंबर २०१५ मध्ये, शरीरात चरबी साठत जाणाऱ्या एका दुर्मिळ आजारावर. पण गावोगाव औषधाच्या शेळ्या उभ्या राहतील हे जे स्वप्न १९९०च्या आसपास रंगवलं जात होतं, ते तसं उतरलं नाही.

मला या अपयशात यशापेक्षा जास्त रस आहे. शेळीला हरवलं ते स्टीलच्या टाकीनं. इन्सुलिनचा गठ्ठा १९७८ मध्येच जिवाणूत ठेवून झाला होता आणि १९८२ पासून असं इन्सुलिन विकायला आलं. आज माझ्या फ्रिजमध्ये आहे ते माणसाच्या नक्षीचं इन्सुलिन याच तऱ्हेचं, त्यात बैलही नाही आणि डुक्करही नाही. पण जिवाणू साधा पट्टा विणतो, त्याला झालर लावता येत नाही. मोठ्या प्रथिनांना विणून झाल्यावर साखरेच्या कणांची झालर लागते आणि ती नसली तर औषध रक्तात टिकत नाही. शेळीच्या कासेला ती लावता येते, म्हणून शेळी. पण १९५७ साली एका चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातून काढलेल्या पेशी आजवर प्रयोगशाळांत वाढत आल्यात आणि त्यांनाही झालर लावता येते. त्या टाकीत वाढतात. त्यांना चारा लागत नाही, खुरकुताची लस लागत नाही, गाभण राहण्याची वाट बघावी लागत नाही. कॅन्सरवरची कितीतरी महागडी इंजेक्शनं आणि हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पोरांना मिळणारं काही फॅक्टर ८ हे प्रथिन याच पेशींत तयार होतं. म्हणजे जनावर आहेच, फक्त त्याचं तोंड आणि पाय गेलेत.

घोड्याकडं परत येतो, कारण तिथं हा उलटा फेरा फार सुंदर जमलाय. घोड्याची प्रतिपिंडं मानवत नाहीत कारण ती घोड्याची असतात. मग ज्या जनावराच्या अंगात प्रतिपिंडं विणायची कार्डं माणसाची आहेत असं जनावर बनवलं तर? असे उंदीर बनले. त्यांना रोगाचा अंश टोचला की त्यांचं रक्त माणसाची प्रतिपिंडं तयार करतं. त्यातलं सगळ्यात कामाचं शोधून काढायचं, त्याचा गठ्ठा हॅमस्टरच्या पेशीत ठेवायचा आणि टाकी चालू करायची. आतड्याच्या कॅन्सरवरचं पॅनिटुमुमॅब हे अशा उंदरातून आलेलं पहिलं मंजूर औषध, साल २००६. उंदराच्या अंगातून काढायचं ते किती, म्हणून अमेरिकेत साउथ डकोटामध्ये हाच प्रयोग गाईवरही चालू आहे. सापाच्या औषधात असं काही झालं तर अॅड्रिनालिनची ती भरलेली सिरिंज बाजूला ठेवता येईल, हे माझं आपलं काउंटरमागचं स्वप्न.

उंदरांबद्दल आणखी एकच. कोविड आला तेव्हा नेहमीच्या उंदराला तो होईना. विषाणू पेशीच्या ज्या कडीला धरून आत शिरतो ती कडी उंदरात वेगळी असते. औषध, लस तपासायची कशावर? पण २००७ मध्ये, आधीच्या सार्सच्या साथीनंतर, माणसाची कडी बसवलेला उंदीर अमेरिकेतल्या आयोवात बनवून ठेवलेला होता. मधल्या काळात तो कुणाला फारसा लागला नव्हता. २०२० मध्ये जगभरातून त्याला मागणी आली.

आता डुक्कर.

डुकराच्या हृदयाची झडप माणसाला बसवायला लागून पन्नासहून जास्त वर्षं झाली. मग किडनीला एवढा उशीर का? कारण झडप मेलेली असते. रसायनात मुरवून तिच्यातला जीव घालवलेला असतो, ती म्हणजे नुसतं चामड्याचं दार. किडनीला मात्र जिवंत राहून रक्त गाळायचंय. आणि जिवंत परक्याला शरीर आत घेत नाही.

अडचणीचं नाव आहे आल्फा-गॅल, एक साखर. डुकराच्या पेशींच्या अंगावर ती भरजरी काठासारखी असते. गाईच्या, शेळीच्या, उंदराच्याही असते. माणसात, वानरांत आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत नसते, आपल्या पूर्वजांचं ते कार्ड कधीतरी बिघडलं. पण आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर तसल्याच साखरा असतात, त्यामुळं आपलं रक्त लहानपणापासून तिच्याविरुद्ध तयारीत असतं. साध्या डुकराची किडनी माणसाला जोडली तर काही मिनिटांत, फार तर काही तासांत ती काळीनिळी पडते.

आसामचे डॉ. धनीराम बरुआ यांची गोष्ट इथं आठवते. जानेवारी १९९७ मध्ये गुवाहाटीजवळ सोनापूरला त्यांनी एका ३२ वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. सात दिवसांनी रुग्ण दगावला आणि डॉक्टरांना १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली. २०२२ मध्ये अमेरिकेत माणसाला डुकराचं हृदय बसवल्याची बातमी आल्यावर आपल्याकडं 'हे तर आमच्या माणसानं आधीच केलं होतं' अशी फिरवाफिरवी झाली. मला ते पटत नाही. धाडस होतं, पण ते डुक्कर रस्त्यावरच्या डुकराइतकंच साधं होतं, त्याची साखर जागेवर होती. वीस-पंचवीस वर्षांत डॉक्टरांच्या हातात फरक पडला नाही, पडला तो डुकरात.

आल्फा-गॅलचं जनुक बंद केलेली डुकरं २००२-०३ च्या सुमारास जन्मली. त्यासाठी डॉलीची युक्ती वापरली. डॉली म्हणजे ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेली, प्रौढ मेंढीच्या कासेच्या पेशीपासून बनवलेली मेंढी. आधी डुकराची पेशी बशीत वाढवायची, तिच्यात हवे ते बदल करायचे, तपासून बघायचे आणि मग त्या पेशीचं केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडात घालून डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवायचं. म्हणजे सुईनं गठ्ठा सोडून नशिबावर हवाला ठेवायची गरज नाही, पसंत पडलेल्या पेशीपासूनच जनावर उभं करायचं. २०१२ नंतर क्रिस्पर आलं. ही कात्री माळेतलं नेमकं कार्ड हुडकून तिथंच कापते. तिच्यामुळं एकाच वेळी अनेक ठिकाणी बदल करणं आवाक्यात आलं.

७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोरमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डेव्हिड बेनेट यांना ज्या डुकराचं हृदय बसवलं, त्यात दहा बदल होते. तीन साखरांची जनुकं बंद. माणसाची सहा जनुकं आत, म्हणजे आपल्या रक्तातले पहारेकरी त्या हृदयाला घरचं समजतील आणि रक्त त्यात गोठणार नाही. दहावा बदल मला सगळ्यात आवडतो. वाढीचा संदेश ऐकणारं जनुक बंद, नाहीतर माणसाच्या छातीत हृदय डुकराच्या मापानं वाढत राहिलं असतं. १६ मार्च २०२४ रोजी बॉस्टनमध्ये अशा बदललेल्या डुकराची पहिली किडनी जिवंत रुग्णाला बसली, तिच्यात ६९ बदल. साखरा तीन, माणसाची जनुकं सात आणि उरलेले ५९ एकाच कामासाठी. डुकराच्या डीएनएमध्येच काही जुने विषाणू शिवलेले असतात, त्यांच्या एकूण एक प्रती निकामी केल्या.

"मग जगली का माणसं?" पाहुण्यांनी विचारलं. हा प्रश्न व्हिडिओत कुणी विचारत नाही.

बेनेट दोन महिने जगले. त्यांच्या हृदयात डुकराचा एक विषाणू दडून बसलेला नंतर सापडला, तपासण्यांतून तो निसटला होता. बॉस्टनचे पहिले रुग्णही जवळजवळ दोन महिन्यांनी गेले. किडनीमुळं गेल्याचं चिन्ह नाही, असं दवाखान्यानं सांगितलं. अलाबामाच्या एका बाईंची किडनी १३० दिवस चालली, मग शरीरानं नाकारली आणि काढावी लागली. त्या पुन्हा डायलिसिसवर गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये बसवलेली एक किडनी २७१ दिवस चालली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यानं, रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. मिनिटांवरून नऊ महिन्यांवर, ही झेप लहान नाही. पण मंगळवार-शुक्रवारचा फेरा यानं आज चुकणार नाही, हे मी पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं. घरातलं कुणी किडनी देऊ शकत असेल तर डॉक्टरांशी बोला, नाहीतर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावा. हे सांगताना आवाज जरा कोरडा झाला माझा.

डुक्करच का, हेही त्यांनी विचारलं. माकड जवळचं, पण त्याचे रोगही जवळचे, आणि एका वेळी एकच पिल्लू. डुकरीण ११४ दिवसांत आठ-दहा देते आणि तिच्या किडन्या आपल्या मापाच्या असतात. आणि ही डुकरं आपल्या गल्लीतली नव्हेत. बंद इमारतीत, गाळलेल्या हवेत वाढतात, आत जाणारा माणूसही अंघोळ करून, कपडे बदलून जातो. उकिरडा काय असतो हे त्यांना ठाऊक नाही. चिखलही नाही. डुकराला चिखल न दाखवता वाढवणं मला कसंसंच वाटतं, पण बाजारात मटण घेताना असले विचार मी करत नाही, त्यामुळं इथं फार बोलायचा मला हक्क नाही.

धर्माचा प्रश्न अमेरिकेतही होताच. बेनेट यांच्या ऑपरेशनमागच्या संशोधनाचे प्रमुख डॉ. मोहम्मद मोहिउद्दीन कराचीत डॉक्टरी शिकलेले मुसलमान आहेत. जीव वाचवण्यासाठी दुसरा उपाय नसेल तर मनाई शिथिल होते, असं अनेक मुस्लिम धर्मपंडितही मानतात. आपल्याकडं असा प्रयोग झालाच तर त्याला १९८९चे जनुकबदलाचे नियम लागू होतील. हाताचं कसब आपल्याकडं नाही असं मात्र नाही. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं क्लोन केलेलं रेडकू जन्माला घातलं. ते काही दिवसांतच न्यूमोनियानं गेलं, पण त्याच वर्षी गरिमा झाली आणि पुढं आणखी झाली. महागड्या यंत्राशिवाय, हातानं धरलेल्या पात्यानं बीजांड कापायची त्यांची पद्धत. पाहुण्यांना त्यात पंढरपुरी म्हैस का घेतली नाही याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, त्या तलवारीएवढ्या शिंगांचं रेडकू सांभाळायला आधी माणूस शोधा.

चार वाजले, ते पिशवी घेऊन गेले.

पुढच्या मंगळवारी डायलिसिस संपल्यावर मावशी स्वतः दुकानात आल्या. हाताला पट्टी, डोक्यावरून पदर, गळ्यात तुळशीची माळ. पाहुणे रिक्षा बघायला गेले होते. मावशींनी बाहेर एकदा नजर टाकली आणि हळूच विचारलं, "दादा, ह्यांना त्या औषधाचं तुम्हीच सांगितलं न्हवं?"

मी नुसताच बघत राहिलो.

"ते डुकराचं वो. मला नर्सबाईनं दुसऱ्याच महिन्यात सांगितलेलं. मीच ह्यांच्यापाशी बोलले न्हाई, उगं जिवाला लावून घेत्यात." त्यांनी माळ पदराखाली सारली. "आता आठ दिस झालं, माझ्यापासनं लपवायला बघत्यात. तुम्ही बी काय बोलू नका. रिक्षा आली का बघा जरा."